सकाळी उठल्यावर मूठ मिटते का?



आपल्या दशसूत्रीत आरोग्याचं सूत्र आहे, पण बैठकीत आपण बहुतेक वेळा बचत आणि परतफेड यावरच उठतो. या अंकात मी सांध्यांच्या एका आजाराबद्दल लिहिते आहे. अभ्यासाचा लेख आहे, थोडा मोठा आहे. एका बैठकीत संपला नाही तर दोन बैठकीत वाचा. जिला वाचता येतं तिनं मोठ्यानं वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करते.

आपल्या एका गटाच्या सचिव ताई आहेत. वय चाळिशीच्या आतलं. नाव लिहीत नाही, पण हे त्यांना विचारूनच लिहिते आहे. त्यांचं अक्षर म्हणजे छापल्यासारखं. गेल्या वर्षी दिवाळीनंतर ते बिघडायला लागलं. आधी ओळी वाकड्या झाल्या, मग ठराव दोन-दोन ओळींत उरकले जाऊ लागले, मग सहीसुद्धा वेगळी दिसायला लागली. मी दर महिन्याला रजिस्टर बघते. मला ते दिसत होतं. आणि मी काय केलं? "ताई, रजिस्टर ऑडिटला जायचंय, जरा नीट लिहा की," असं भर बैठकीत सगळ्यांसमोर म्हणाले. त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या हसल्या.

चैत्रात एकदा प्रशिक्षणाला उशीर झाला म्हणून मी त्यांच्याकडे मुक्काम केला. सकाळी उठून बघते तर ताई चुलीपुढे बसलेल्या आणि दोन्ही हात गरम पाण्याच्या घमेल्यात बुडवलेले. मला म्हणाल्या, "थांब गं, हात मोकळे व्हायला तास-दीड तास लागतो. मग भाकरी टाकते." बोटांची मुळं सुजलेली होती, दोन्ही हातांची सारखीच. पाच महिने असं चाललं होतं. घरच्यांना वाटत होतं वात आहे. बाजाराच्या गावातून वाताची पुडी आणत होत्या. गटातून 'घरखर्च' म्हणून घेतलेलं पाच हजारांचं कर्ज त्या पुडीतच गेलं होतं.

शहरातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हा र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे. मराठीत याला कोणी आमवात म्हणतं, कोणी नुसतं संधिवात. डॉक्टरांनी विचारलं, "इतके दिवस का थांबलात?" प्रश्न ताईंना होता, पण मला तो माझ्यासाठीच वाटला. दर महिन्याला त्यांच्या अक्षराकडे बघत होते ती मीच.

सगळे वात सारखे नसतात

आपल्याकडे सांधा दुखला की 'वात' म्हणून मोकळे होतात. पण त्यात वेगवेगळे आजार असतात आणि त्यांचे उपचारही वेगळे असतात.

पहिला प्रकार झिजेचा. वय वाढलं, वजन वाढलं, वर्षानुवर्षं उकिडवं बसून कामं केली, की गुडघा झिजतो. तो चालल्यावर, चढल्यावर जास्त दुखतो आणि बसल्यावर बरा वाटतो. सकाळी थोडा आखडतो, पण पंधरा-वीस मिनिटांत मोकळा होतो.

दुसरा प्रकार तापानंतरचा. चिकुनगुन्या होऊन गेला की कित्येक आठवडे, कधी कधी कित्येक महिने सांधे दुखतात. आधी ताप येऊन गेला होता का, गावात त्याची साथ होती का, हे डॉक्टरांना जरूर सांगायचं.

तिसरा प्रकार म्हणजे आजच्या लेखाचा विषय. यात सांधा झिजत नाही. शरीराची रोगप्रतिकारशक्तीच आपल्या सांध्यावर हल्ला करते. राखणीला ठेवलेलं कुत्रं चोर सोडून घरच्यांनाच चावायला लागावं, तसं. सांध्याच्या आत एक पातळ अस्तर असतं. त्याला सूज येते, ते जाड होतं आणि हळूहळू शेजारचं हाड कुरतडायला लागतं. एकदा हाड कुरतडलं की ते पुन्हा पहिल्यासारखं होत नाही. हा आजार नुसता सांध्यांचा नाही. थकवा येतो, बारीक ताप राहतो, रक्त कमी होतं, काहींच्या फुफ्फुसांवर आणि डोळ्यांवरही परिणाम होतो.

अशा आजारांना ऑटोइम्यून आजार म्हणतात, म्हणजे स्वतःच्याच शरीराविरुद्धचे आजार. ल्युपस हा त्यातलाच एक. तो बहुतेक तरुण मुलींना आणि बायकांना होतो. गालांवर आणि नाकावर लाल चट्टा येतो, उन्हात गेलं की वाढतो, केस गळतात, सांधे दुखतात, मूत्रपिंडही बिघडू शकतं.

आपल्या गावात असतो का हा आजार?

असतो. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात घरोघर जाऊन पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्यानं अनेक देशांत अशी पाहणी चालू होती, त्यातलीच ही एक. चार हजारांहून जास्त प्रौढांना विचारलं, तेव्हा शंभरातल्या सुमारे १८ जणांनी हाडं, सांधे किंवा स्नायू दुखत असल्याचं सांगितलं. त्यातल्या बहुतेकांना साधी दुखणी किंवा झीज होती. र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस साधारण दोनशे माणसांमागे एकाला निघाला.

दोनशेत एक म्हणजे थोडा वाटतो. पण हिशोब करून बघा. दोन हजार प्रौढ माणसांच्या गावात दहाजण होतात. आणि हा आजार पुरुषांपेक्षा बायकांना दुपटी-तिपटीनं जास्त होतो, म्हणजे त्या दहांत सात-आठ बायका. आपल्या एकेका ग्रामसंघात अशा काहीजणी असणारच. मग त्या कुठे आहेत? घरी आहेत, पुडी खात आहेत, आणि 'हिला काम नको असतं' असं ऐकून घेत आहेत.

बायकांनाच जास्त का?

हा प्रश्न मला प्रत्येक बैठकीत विचारला जातो. कोणी म्हणतं बाळंतपणात गार पाण्यात हात घातले, कोणी म्हणतं आंबट खाल्लं, कोणी म्हणतं गेल्या जन्माचं पाप. यातलं कशानंही हा आजार होतो असं सिद्ध झालेलं नाही.

संशोधन वेगळंच काही सांगतं. बाईच्या पेशीत एक्स नावाची दोन गुणसूत्रं असतात, पुरुषाच्या पेशीत एकच. दोन्ही एकदम चालू राहिली तर गोंधळ होईल, म्हणून बाईच्या प्रत्येक पेशीत एक एक्स बंद ठेवलं जातं. ते बंद करण्याचं काम झिस्ट नावाचा एक रेणू करतो. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २०२४ साली दाखवलं, की या झिस्टभोवती प्रथिनांचा गठ्ठा जमतो, आणि शरीर कधी कधी त्या गठ्ठ्यालाच शत्रू समजायला लागतं. त्यांनी नर उंदरांच्या शरीरात झिस्ट तयार होईल अशी व्यवस्था केली, तर काही नरांनाही माद्यांसारखा ल्युपससारखा आजार झाला. हे पूर्ण उत्तर नाही. हार्मोनचाही भाग आहे, घराण्याचाही आहे. बाळंतपणानंतरच्या महिन्यांत हा आजार सुरू होण्याचं किंवा उसळण्याचं प्रमाण जास्त दिसतं. पण बाईच्या वागण्यात खोट आहे म्हणून हा आजार होतो, हे मात्र खरं नाही. सासूबाईंनी आणि नवऱ्यांनीही हा भाग ऐकावा.

टाळण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. विडी-सिगारेटनं या आजाराचा धोका वाढतो, हे पक्कं माहीत आहे. हिरड्यांचा जुना आजार आणि र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस यांचाही संबंध संशोधनात दिसला आहे. आपल्यातल्या कितीतरी जणी मशेरी लावतात. मशेरी म्हणजे तंबाखूच, आणि ती हिरड्या खराब करते. ती सोडायला आणखी एक कारण मिळालं असं समजा.

ओळखायचं कसं?

पुढचे प्रश्न एकमेकींना विचारा.

१. सकाळी उठल्यावर हात-पाय आखडतात का, आणि मोकळे व्हायला अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ लागतो का?

२. मूठ पूर्ण मिटत नाही का? बोटांची टोकं तळव्याला लागत नाहीत का?

३. बोटांची मुळं, मनगट, पायाच्या बोटांची मुळं यांतले तीन किंवा जास्त सांधे सुजले आहेत का? नुसतं दुखणं वेगळं आणि सूज वेगळी. सूज हाताला मऊ लागते.

४. दोन्ही बाजूंना सारखंच आहे का? उजव्या मनगटाबरोबर डावंही?

५. हात मिळवताना बोटांची मुळं दाबली गेली की कळ येते का? बांगडी चढवताना, कपडे पिळताना, दूध काढताना हात दगा देतो का?

६. हे सहा आठवड्यांपेक्षा जास्त दिवस चालू आहे का?

पहिल्या पाचांतल्या दोन-तीन प्रश्नांना 'हो' आलं, तर सहा आठवडे होण्याची वाट बघत बसू नका. डॉक्टरकडे जा.

डॉक्टर रक्ताच्या तपासण्या सांगतात. आर.ए. फॅक्टर, अँटी-सीसीपी, आणि सूज मोजणाऱ्या ई.एस.आर. व सी.आर.पी. या नेहमीच्या. (हे सी.आर.पी. म्हणजे आपल्या सीआरपी ताई नव्हेत!) एक गोष्ट लक्षात ठेवा. आर.ए. फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणजे आजार नाहीच, असं नसतं. आणि कधी कधी धडधाकट माणसातही तो पॉझिटिव्ह येतो. म्हणून लॅबचा कागद घेऊन परस्पर निष्कर्ष काढायचा नाही. सांधे हातानं तपासणारा डॉक्टर महत्त्वाचा. या आजाराच्या खास डॉक्टरांना र्‍हुमॅटॉलॉजिस्ट म्हणतात. ते मोठ्या शहरांत भेटतात. जवळ नसतील तर जिल्हा रुग्णालयातल्या फिजिशियनला दाखवा. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत.

पहिले तीन महिने सोन्याचे

गेल्या तीस-चाळीस वर्षांच्या संशोधनातून निघालेली सगळ्यांत कामाची गोष्ट हीच. हाडांचं नुकसान पहिल्या एक-दोन वर्षांतच सुरू होतं. त्रास सुरू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत आजार रोखणारं औषध चालू झालं, तर बोटं वाकडी होणं पुष्कळदा टाळता येतं. पूर्वी डॉक्टरसुद्धा आधी वेदनाशामक देत, मोठं औषध शेवटी काढत. आता उलट आहे. मोठं औषध आधी सुरू करायचं, दर एक ते तीन महिन्यांनी सूज मोजायची, आणि सूज जाईपर्यंत औषध वाढवायचं किंवा बदलायचं.

कोणतं औषध काय करतं?

वेदनाशामक गोळी दुखणं कमी करते, पण हाड कुरतडणं थांबवत नाही. रोज खाल्ली तर पोटात व्रण पडू शकतात, मूत्रपिंडाला त्रास होतो.

स्टेरॉइडची गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेन्च यांनी २९ वर्षांच्या एका बाईला कॉर्टिझोन हे स्टेरॉइड पहिल्यांदा दिलं. तिला अंथरुणात कूस बदलता येत नव्हती. काही दिवसांतच ती चालत खरेदीला गेली. सगळ्या जगाला चमत्कार वाटला. १९५० साली हेन्च यांना आणि आणखी दोघांना नोबेल मिळालं. पण तोवर दुसरी बाजूही दिसू लागली होती. औषध बंद केलं की आजार परत यायचा, आणि चालू ठेवलं तर तोंड सुजायचं, हाडं ठिसूळ व्हायची, साखर वाढायची.

हे सांगायचं कारण म्हणजे पुडी. बिननावाच्या, बिनलेबलाच्या वाताच्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं आढळल्याची उदाहरणं आपल्या देशात आहेत. दोन दिवसांत ढेकळं फोडायला लागलात तर 'औषध चांगलं आहे' असं म्हणू नका, 'यात काय आहे' असं विचारा. आणि हे अधोरेखित करा: जी ताई अशी पुडी महिनोन्‌महिने घेते आहे, तिनं ती एकदम बंद करू नये. शरीराला सवय झालेली असते, अचानक तोडल्यानं जिवावर बेतू शकतं. पुडी सोबत घेऊन डॉक्टरकडे जा आणि त्यांना दाखवा. डॉक्टर स्टेरॉइड देतात तेव्हा ते मोजून, थोड्या दिवसांसाठी आणि हळूहळू कमी करत देतात.

आता खरं औषध. मेथोट्रेक्सेट. या गोळीमागे आपल्याकडचा एक माणूस आहे. आंध्रातल्या भीमावरमचे डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत एका औषध कंपनीच्या संशोधन विभागाचे प्रमुख होते. फोलिक अ‍ॅसिड आणि त्याच्या उलट काम करणारी औषधं त्यांच्या चमूनं तयार केली, मेथोट्रेक्सेट त्यातलंच. आधी ते कर्करोगासाठी वापरलं गेलं. पुढे अगदी कमी मात्रेत ते सांध्यांच्या या आजारावर चालतं असं दिसलं, आणि १९८८ साली अमेरिकेत त्याला या आजारासाठी मान्यता मिळाली. आजही जगभर पहिलं औषध हेच. महागही नाही. जेनेरिक दुकानात विचारा.

पण इथे एक नियम पाठ करा. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज नाही.

आपल्या सचिव ताईंचं पुढचं ऐका. एका औषध दुकानात गोळ्या देताना त्यांना सांगितलं, "जेवणानंतर एक." आठवड्यातून, हे सांगितलंच नाही. ताईंनी आठ दिवस रोज घेतली. तोंड आतून सोलून निघालं, पाणी गिळेना. आशाताईंनी पाकीट बघितलं आणि त्याच दुपारी गाडी करून दवाखान्यात नेलं. चार दिवस भरती ठेवावं लागलं. वेळेवर कळलं म्हणून वाचल्या. रोज घेतल्यानं या गोळीनं माणसं दगावली आहेत. म्हणून एक वार ठरवा आणि त्या वाराला खूण म्हणून बैठकीच्या दिवसाशी जोडा. पाकिटावर मार्करनं 'फक्त सोमवार' असं लिहून ठेवा. घरात आणखी एका माणसाला सांगून ठेवा.

मेथोट्रेक्सेटबद्दल आणखी थोडं:

• परिणाम दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. पंधरा दिवसांत 'लागू पडत नाही' म्हणून सोडू नका.

• सोबत फोलिक अ‍ॅसिडची गोळी देतात. तोंड येणं, मळमळ त्यानं कमी होते. ती कोणत्या दिवशी घ्यायची हे विचारून घ्या.

• रक्ताची आणि यकृताची तपासणी ठरलेल्या वेळी करायची. आधी काही आठवड्यांनी, मग साधारण तीन महिन्यांनी.

• पोटात बाळ असताना आणि अंगावर पाजताना ही गोळी चालत नाही. बाळावर वाईट परिणाम होतो. मूल हवं असेल तर डॉक्टरांना किमान तीन महिने आधी सांगा, ते औषध बदलून देतात. हे लाजून लपवू नका.

• दारूबरोबर ही गोळी यकृत बिघडवते.

याच्या जोडीला दोन जुनी औषधं असतात. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे मूळचं हिवतापाचं औषध, त्यासोबत डोळे तपासत राहावं लागतं. सल्फासॅलाझिन हे स्वीडनच्या डॉ. नॅना स्वार्ट्झ या बाईंच्या कामातून आलं. तिन्ही औषधं एकत्र दिली तर काय होतं, याचा एक मोठा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना एकट्या मेथोट्रेक्सेटनं पुरेसा आराम नव्हता त्यांच्यातल्या काहींना या तीन गोळ्या, काहींना मेथोट्रेक्सेटसोबत महागडं इंजेक्शन दिलं. गोळ्यांची वाट कमी पडली नाही. आपल्या खिशाच्या दृष्टीनं हे संशोधन फार मोलाचं आहे.

महागडी इंजेक्शनं कधी लागतात?

गोळ्यांनी सूज आटोक्यात आली नाही तर. सुजलेल्या सांध्यात टी.एन.एफ. नावाचं रसायन जास्त असतं, तेच अडवलं तर? हा विचार लंडनमध्ये सर रविंदर मैनी आणि सर मार्क फेल्डमन यांनी केला. मैनींचा जन्म लुधियान्याचा. १९९२ साली त्यांनी रुग्णांना पहिली इंजेक्शनं दिली आणि गुण आला. अशा औषधांना बायोलॉजिक म्हणतात. भारतातल्या कंपन्याही आता ती बनवतात, त्यामुळे किंमत उतरली आहे, तरी ती आपल्याला महागच आहेत. त्यात एक सावधगिरी आहे. टी.एन.एफ. आपल्याला क्षयापासूनही वाचवत असतं. ते अडवलं की शरीरात झोपलेला टी.बी. उठू शकतो. म्हणून आधी टी.बी.ची तपासणी केलीच पाहिजे. घरात कोणाला टी.बी. झाला असेल तर लपवू नका.

२०१२ पासून जॅक इन्हिबिटर नावाच्या गोळ्याही आल्या, टोफासिटिनिब त्यातली पहिली. भारतात ती अनेक कंपन्या बनवतात. काम चांगलं करते. पण पन्नाशीपुढच्या आणि हृदयाचा धोका असलेल्या रुग्णांमध्ये हृदयविकार आणि कर्करोग थोडे जास्त दिसले, म्हणून २०२१ साली अमेरिकेनं तिच्यावर कडक इशारा छापायला लावला. नागीणही जास्त उठते. शेजारणीला लागू पडली म्हणून परस्पर आणायची ही गोळी नाही.

आता संशोधन कुठे पोचलंय?

तीन ठिकाणी बघू.

पहिलं, शरीर स्वतःला का चावत नाही? २०२५ सालचं वैद्यकशास्त्राचं नोबेल याच प्रश्नाच्या कामाला मिळालं. मेरी ब्रंकाउ, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची. त्यांच्या कामातून कळलं, की रक्तातल्या लढाऊ पेशींना आवरणाऱ्या वेगळ्या पेशी असतात. त्या कमी पडल्या की शरीर स्वतःवर उलटतं. त्या पेशी वाढवून आजार शांत करता येईल का, यावर आता प्रयोग चालू आहेत.

दुसरं, आजार होण्याआधीच थांबवता येईल का? ब्रिटन आणि नेदरलँड्समध्ये २१३ जणांवर प्रयोग झाला, निकाल २०२४ साली आला. या लोकांचे सांधे दुखत होते, रक्तात खुणा होत्या, पण सूज आलेली नव्हती. निम्म्यांना वर्षभर अबाटासेप्ट नावाचं इंजेक्शन दिलं, निम्म्यांना खोटं. वर्षअखेर औषधवाल्यांपैकी शंभरात ६ जणांना आजार झाला, खोटं इंजेक्शनवाल्यांपैकी २९ जणांना. औषध थांबवल्यावर पुढच्या वर्षी फरक कमी झाला, २५ आणि ३७. म्हणजे आजार पुढे ढकलता येतो. कायमचा टाळता येतो का, ते अजून बघायचंय.

तिसरं, ल्युपससाठी. जर्मनीतल्या एर्लांगेनमध्ये डॉ. गेओर्ग शेट यांच्या चमूनं रुग्णाच्याच रक्तातल्या पेशी काढल्या, प्रयोगशाळेत त्यांच्यात बदल केला आणि परत शरीरात सोडल्या. त्या पेशींनी चुकीची प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी साफ केल्या. याला कार-टी म्हणतात. २०२४ साली त्यांनी १५ रुग्णांचा अहवाल दिला. त्यातले आठ ल्युपसचे होते, आठही जणांचा आजार शांत झाला आणि जुनी औषधं बंद करता आली. आकडा लहान आहे, मोठे अभ्यास चालू आहेत. हेच तंत्र आपल्या आय.आय.टी. मुंबई आणि टाटा मेमोरियलनं मिळून भारतात तयार केलं आणि २०२३ साली त्याला मान्यता मिळाली, पण ती रक्ताच्या काही कर्करोगांसाठी. खर्च लाखांत आहे.

हे वाचून 'मग नवं औषध येईपर्यंत थांबू' असं कोणी म्हणू नका. पुढची दहा वर्षं चांगली आहेत, पण बोटं दहा वर्षं थांबत नाहीत. जुनी, स्वस्त गोळी आज मिळते आणि वेळेवर घेतली तर बहुतेकींना तिचाच उपयोग होतो.

गटानं काय करायचं?

आपण दर आठवड्याला एकमेकींना बघतो. डॉक्टर बघत नाही, कधी कधी नवराही बघत नाही. सही करताना पेन कोणाचं थरथरतं, सतरंजीवरून उठताना कोण भिंत धरतं, हे आधी आपल्याला दिसतं. म्हणून:

• या महिन्याच्या बैठकीत वरचे सहा प्रश्न वाचा आणि प्रत्येकीनं मूठ मिटून दाखवा.

• कोणाला त्रास असेल तर तिला एकटी पाठवू नका. सोबत एकीनं जावं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं वहीत लिहून आणावं.

• आजारपणाचं कर्ज तपासणीसाठी लगेच मंजूर करा. पाच महिन्यांच्या पुडीपेक्षा एक तपासणी स्वस्त पडते. कर्जाचं कारण खरं लिहायला लाजू नका.

• औषध चालू असलेल्या ताईला दर बैठकीत विचारा, "या आठवड्याची गोळी झाली का? दुसऱ्यांदा तर नाही ना घेतली?"

• सूज असताना जड काम वाटून घ्या. सूज उतरल्यावर हात-पाय हलते ठेवायचे, नाहीतर स्नायू वाळतात. जाड मुठीचा विळा, पेनावर गुंडाळलेलं कापड, दोन्ही हातांनी उचलायची कळशी, एवढ्यानंही फरक पडतो.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावात सांधे दुखले की लोक आधी कुठे जातात? तिथे किती पैसे जातात?

२. आपल्या गटात कोणाला तरी आपण 'कामचुकार' म्हणालो होतो का, आणि ती आजारी होती?

३. घरात मेथोट्रेक्सेटचं पाकीट असेल तर त्यावर वार लिहिला आहे का?

दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर 'हो' आहे. मी त्या ताईंची माफी मागितली, ज्या बैठकीत बोलले होते त्याच गटाच्या बैठकीत. त्या म्हणाल्या, "तुला काय माहीत होतं गं? मलाच माहीत नव्हतं." आता त्यांची सूज बरीच उतरली आहे, सकाळी दहा-पंधरा मिनिटांत हात मोकळे होतात. उजव्या हाताची दोन बोटं मात्र थोडी वाकडी राहिली, ती सरळ होणार नाहीत असं डॉक्टरांनी सांगितलंय. गटानं सचिव बदलायचा नाही असं ठरवलं. ठराव त्या सांगतात, लिहिते त्यांची सून, आणि सही त्या स्वतः करतात.

तुमच्या गटात काय निघालं ते मला पुढच्या भेटीत सांगा.

तुमची क्षेत्र समन्वयक